पेटीतल्या चिठ्ठ्या

अलीकडचे गेम माझ्याकडून पूर्ण होत नाहीत. सुरू करतो, पाच-सहा दिवस खेळतो आणि मग नकाशा उघडला की थकायला होतं. नकाशाभर पिवळे-निळे ठिपके असतात आणि प्रत्येक ठिपका म्हणजे एक काम. कुणाची हरवलेली अंगठी शोधून द्या, मनोऱ्यावर चढा, सात छावण्या मोकळ्या करा. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. दिवसभर प्रॅक्टिकल करून, राहिलेलं जर्नल डोक्यात घेऊन खोलीवर येतो आणि समोर पुन्हा जर्नलच उघडल्यासारखं वाटतं. पूर्वीचे गेम अवघड असायचे. आताचे अवघड नसतात, लांब असतात. हा फरक मला नीट सांगता येत नाही, पण अंगाला कळतो.

गेमवरून काढलेले सिनेमेही आता बरेच येतात. त्यातले चार-पाच मी पाहिले, बहुतेक मोबाइलवर, हिंदीत डब केलेले. थिएटरात एकच पाहिला आणि त्याच्याबद्दलच लिहायचं आहे. तो चांगला होता की वाईट, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. कारण पूर्ण वेळ माझं लक्ष पडद्यापेक्षा शेजारी बसलेल्या माझ्या मोठ्या भावाकडे होतं. ज्या गेमवरून तो सिनेमा काढला होता, त्याची गोष्ट मी दादाला एक अख्खा हिवाळा सांगितली होती. ती खोटी होती. खरी गोष्ट आता पडद्यावर दिसणार होती.

आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिला. दादा दहावीनंतर जालन्यात सळयांच्या कारखान्यात लागला. आमचं गाव अंबडकडे, रोज जाणं-येणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून त्याने एमआयडीसीच्या कडेला पत्र्याची खोली केली. बारावीनंतर मीही तिथेच आलो. नळाला पाणी आलं की भरायचं दादाने, भांडी दादाने, कारण ‘त्याला अभ्यास हाय’. हे तो शेजाऱ्यांनाही सांगायचा. ‘बारक्याचं सगळं इंग्रजीत असतंय’ हेसुद्धा.

सगळं इंग्रजीत असायचं हे खरं. मला ते सगळं यायचं असं मात्र नव्हतं. वर्गात सर तासाच्या शेवटी ‘अंडरस्टूड?’ म्हणून विचारतात आणि आम्ही माना हलवतो. पहिल्या वर्षी मी इतक्या वेळा मान हलवली की पुढे पुढे ती न विचारताही हलायला लागली.

कॉम्प्युटर आम्ही एका बंद झालेल्या टायपिंग इन्स्टिट्यूटमधून आणला होता. दुरुस्तीवाल्याने त्यात कुठलं तरी जुनं ग्राफिक्स कार्ड बसवून दिलं, एक वापरलेला कंट्रोलरही दिला. दादा त्याला रिमोट म्हणतो. त्याची डावीकडची काडी थोडी ढिली आहे, त्यामुळे हात सोडला तरी गेममधला माणूस आपोआप डावीकडे सरकत राहतो. दादा न बघता अंगठ्याने तेवढं सांभाळून घ्यायचा. तो गेम आणायला मी एकटाच गेलो होतो. दुरुस्तीवाला म्हणाला, “पूर्ण कॉपी तुझ्या मशीनमधी बसणार न्हाई. ही बारकी ने. मधले व्हिडिओ काढून टाकलेत.”

“मग गोष्ट कशी कळणार?”

“गोष्ट कोण बघून राह्यलंय? खेळायला बराबर चालती.”

गेम असा होता. एक सैनिक लढाई सोडून घराकडे निघाला आहे. सोबत एक खेचर, खेचराच्या पाठीवर एक बंद पेटी. मोठा ओसाड मुलूख, नद्या, जळलेली गावं, मागावर माणसं. एक टप्पा संपला की तिथे खरं तर व्हिडिओ असणार. आमच्याकडे पडदा दोन-तीन सेकंद काळा व्हायचा, कोपऱ्यात लोडिंगची बारीक इंग्रजी अक्षरं येऊन जायची आणि सैनिक एकदम दुसऱ्याच ठिकाणी उभा असायचा.

पहिल्यांदा असं झालं तेव्हा दादाने माझ्याकडे पाहिलं. “हा इथं कसा आला? आणि पेटीत काय हाय?”

‘माहीत नाही, व्हिडिओ काढलेले आहेत’ एवढंच म्हणायचं होतं. आज लिहिताना ते वाक्य किती लहान वाटतं. पण दादा पहिल्या पाळीवरून आलेला होता, हाताला कोपरापर्यंत लोखंडाचा काळा थर होता, आणि तो विचारत होता ते मला, ज्याचं सगळं इंग्रजीत असतं त्याला. मी म्हणालो, “लिहून आलं होतं आत्ता. पेटीत चिठ्ठ्या आहेत. लढाईत मेलेल्या सैनिकांच्या. हा त्या त्यांच्या घरी पोहोचवायला चाललाय.”

“असं व्हय,” दादा म्हणाला, आणि जरा सरळ बसला.

त्यानंतर मला थांबता आलं नाही. खरं सांगायचं तर थांबावंसं वाटलंही नाही. दर काळ्या पडद्याला मी एक तुकडा जोडत गेलो. मागावरच्या माणसांच्या अंगात सैनिकासारखाच कोट होता, बाहीवर तीच लाल पट्टी. दादाने विचारलं, “आपल्याच लोकांवर गोळ्या का झाडून राह्यला हा?” मी म्हणालो, “आपले नाहीत ते. मेलेल्यांचे कोट काढून घालतात.” दादाने खेचर एका पडक्या भिंतीआड उभं केलं. मग म्हणाला, “लई वाईट.”

चिठ्ठ्यांमुळे खेळण्याची रीतच बदलली. वाटेत नद्या होत्या. खेचर घेऊन नदीतून सरळ पलीकडे जाता यायचं, आणि गेम तसं सुचवायचाही. दादा जायचा नाही. “कागद भिजतील,” म्हणायचा, आणि पूल सापडेपर्यंत काठाकाठाने खेचर चालवत राहायचा. कधी पूल अर्ध्या तासावर असायचा. पुलावर पहारा असायचा, तिथे आम्ही मरायचो, पुन्हा काठाच्या सुरुवातीपासून. एका पुलावर आम्ही किती वेळा मेलो ते मी मोजलेलं नाही. माझ्या मित्राने हाच गेम दहा-बारा दिवसांत संपवला होता. आमचा दिवाळीनंतर सुरू झालेला संक्रांतीनंतर बऱ्याच दिवसांनी संपला. शेवटी एका घराच्या दारापाशी सैनिक पोहोचला, पडदा काळा झाला आणि बनवणाऱ्यांची नावं वर सरकायला लागली. मी म्हणालो, “शेवटची चिठ्ठी त्याच्याच घरची होती.”

दादाने रिमोट खाली ठेवला. “चांगला माणूस होता,” म्हणाला.

ती गोष्ट त्याने कारखान्यात सांगितली, हे मला नंतर कळलं. मी कधी डबा द्यायला गेलो की फाटकापाशी कुणी तरी विचारायचं, “ते चिठ्ठ्यांचं तूच वाचलं का इंग्रजीतून?” मी मान हलवायचो.

मग त्या गेमवर सिनेमा आला. जाहिरात दादाच्या मोबाइलवर माझ्या आधी दिसली. त्याला दर गुरुवारी सुट्टी असायची. गुरुवारचा दुपारचा शो बघायचं त्याने परस्पर ठरवलं, आणि बरोबर कारखान्यातल्या क्रेनवाल्यालाही घेतलं, त्याची त्या आठवड्यात रात्रपाळी होती. क्रेनवाला जुन्या जालन्यातला, घरात उर्दू बोलणारा, दादापेक्षा दहा वर्षांनी मोठा. दादा त्याला भाई म्हणतो. तो मला भेटल्या दिवसापासून प्रोफेसर म्हणतो. चिठ्ठ्यांची गोष्ट त्याला दादानेच सांगितली होती. मी अभ्यासाचं कारण सांगून पाहिलं. दादा म्हणाला, “तू न्हाई तर आम्हाला समजावून कोण सांगल?” सिनेमा हिंदीत होता. समजावून सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं, आणि मला भीती त्याचीच होती.

सिनेमा सुरू झाल्यावर दहाव्या मिनिटाला सैनिकाने खेचर नदीत घातलं. पेटी पाण्यावर तरंगली, मोठं संगीत वाजलं, आणि ते पलीकडे. मी दादाकडे बघितलं नाही. खुर्चीचा हात मात्र त्याने धरलेला दिसला.

गेमवरच्या सिनेमांबद्दल माझं एक मत तेव्हा बनलं, ते बरोबर आहे का माहीत नाही. सिनेमात चालणं नसतं. गेममध्ये आम्ही महिनोन्महिने चाललो. काहीच होत नाही अशा माळावरून, खेचराच्या मागे, त्या ढिल्या काडीमुळे सारखे डावीकडे जात. त्या चालण्यातच दादा कारखान्यातलं, गावाकडचं, आईच्या गुडघ्याचं बोलायचा. सिनेमात सैनिक एका डोंगरावर दिसतो आणि लगेच दुसऱ्यावर. तो पुलावर एकदाच लढतो आणि जिंकतो. आम्ही तिथे इतक्यांदा मेलो, ते मरण कुठेच नव्हतं. त्याची टोपी पहिल्यांदा दिसली तेव्हा पुढच्या रांगेतल्या पोरांनी शिट्ट्या वाजवल्या, कारण टोपी ओळखीची होती. अशा सिनेमांना बहुतेक तेवढंच करायचं असतं, ओळख दाखवायची. नट देखणा होता, त्याचा कोट तर आमच्या सैनिकाच्या कोटापेक्षा कितीतरी स्वच्छ. हे सगळं मी पाहत होतो आणि पेटी कधी उघडतात याची वाटही.

मध्यंतराच्या जरा आधी उघडली. आत औषधाच्या बाटल्या होत्या. सैनिकाने आपल्याच जखमी लोकांच्या छावणीतून औषधं पळवली होती, घरी आजारी असलेल्या बायकोसाठी. मागावरची माणसं त्याच छावणीतली होती. कोट त्यांचेच होते.

दिवे लागले. क्रेनवाल्याने माझ्या पाठीवर थाप मारली. “क्यों प्रोफेसर, तुम्हारा डाकिया तो चोर निकला.”

मी काही बोलायच्या आत दादा बोलला. “सिनेमावाले बदलून टाकतात, भाई. गेममधी तसं न्हाई. यानं सगळं वाचलंय.”

“फिर चिठ्ठियाँ किधर गईं?”

“काढून टाकली असतील. चिठ्ठ्या दाखवल्यावर शिट्ट्या कोण वाजवतंय?”

क्रेनवाला हसला. “हाँ, ये बराबर बोला.”

मी सुटलो होतो. इतकं सोपं होतं. सिनेमावाले बदलतातच, हे सगळ्या जगाला माहीत आहे. कादंबरीचं बदलतात, गेमचंही बदलतात. मी नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं, आणि मी ती हलवली. उरलेला सिनेमा मी पाहिला असं म्हणता येणार नाही. शेवटी सैनिक दारात पेटी ठेवून मागे वळतो आणि मागावरचे अंगणात येऊन उभे असतात, एवढं आठवतं.

बाहेर ऊन होतं. थिएटरसमोरच्या टपरीवर आम्ही चहा घेतला. क्रेनवाल्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि माझ्यापुढे धरला. इंग्रजीत टाइप केलेली दोन पानं. कारखान्यातल्या ठेकेदाराने नव्या वर्षाचे करार सगळ्यांना वाटले होते.

“पढ़ के बता, प्रोफेसर. सही करूँ क्या?”

“कर ना,” दादा म्हणाला. “मी मागच्या महिन्यातच केली. यानं वाचून सांगितलं, नेहमीचंच हाय म्हणून.”

तो कागद माझ्या ओळखीचा होता. दादाने तो एका सकाळी मला दाखवला होता, मी कॉलेजच्या घाईत होतो. पहिल्या परिच्छेदात नाव, काम, मुदत. शेवटी सहीची जागा. मध्ये एक परिच्छेद होता, अख्खा एकच वाक्य असलेला, कुठे पूर्णविराम नाही. त्यावरून माझी नजर गेली होती, वर्गात फळ्यावरून जाते तशी, आणि मी म्हणालो होतो, “नेहमीचंच आहे.”

तोच परिच्छेद पुन्हा वाचला. पुन्हा कळला नाही. क्रेनवाला दातात काडी धरून माझ्या तोंडाकडे बघत होता. पेन त्याने आधीच काढून ठेवलं होतं.

“दादा,” मी म्हणालो, “हे मधलं मला कळत नाही.”

“थोडा टाइम घे मंग.”

“तेव्हाही कळलं नव्हतं.”

दादाने चहाचा पेला ओट्यावर ठेवला. क्रेनवाल्याने माझ्याकडून त्याच्याकडे, त्याच्याकडून माझ्याकडे पाहिलं आणि पेनाचं टोपण लावलं. “तो अब पढ़ ना,” तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती. “एक-एक लफ्ज़ पढ़. चाय और बोलता मैं.”

मी मोबाइलमधला शब्दकोश उघडला. ‘नॉटविथस्टँडिंग’पासून सुरुवात केली. एकेक शब्द मागच्या पानावर पेन्सिलने मराठीत लिहिला, मग ते शब्द मागेपुढे करून पाहिले, दोनदा चुकलं, खोडलं. तेवढ्यात चहा दोनदा आला. टपरीवाला म्हणाला, “परीक्षा हाय का पोराची?” शेवटी अर्थ निघाला, तो असा की आठवड्याच्या सुट्टीचा वार ठरलेला राहणार नाही. कामाप्रमाणे तो बदलेल, आणि सही करणाऱ्याला त्याबद्दल हरकत घेता येणार नाही.

मी ते वाचून दाखवलं.

“मतलब मेरा जुम्मा जाएगा,” क्रेनवाला म्हणाला. त्याची सुट्टी शुक्रवारची होती. त्याने कागदाची घडी घातली आणि सही न करता खिशात ठेवला. जाताना माझा खांदा दाबला. पुढे त्याने सुपरवायझरशी बोलून त्या ओळीशेजारी ‘शुक्रवार’ हाताने लिहून घेतलं. दादाची सही होऊन महिना झाला होता.

खोलीकडे आम्ही चालत निघालो. रिक्षा दिसत होत्या, पण दादा थांबवत नव्हता आणि मी सुचवलं नाही. रेल्वे फाटकाच्या पुढे आल्यावर त्याने विचारलं, “आणि चिठ्ठ्या?”

“त्या मीच.”

“कोट?”

“तेही. कॉपीत व्हिडिओ नव्हते. दुरुस्तीवाल्याने सांगितलं होतं मला.”

तो बराच वेळ चालत राहिला. मग म्हणाला, “मी ते खेचर सगळा हिवाळा पुलावरून नेलं, बारक्या.”

मला वाटलं होतं तो चिडेल. चिडला असता तर मला बरं वाटलं असतं, असं लिहायला लाज वाटते, पण ते खरं आहे. त्याचा आवाज पाळीवरून आल्यावर असतो तसाच होता. “कारखान्यात सहा-सात जणांना सांगितली मी ती गोष्ट,” तो म्हणाला.

“मी येऊन सांगू का त्यांना?”

“काय सांगशील? राहू दे. सिनेमावाल्यांनी बदलली म्हणतो.” थोड्या वेळाने म्हणाला, “गोष्ट चांगली होती. पण रचून सांगायची तर रचलीय म्हणून सांगायची. मी कागदावर सही केली ना तुझ्या भरवशावर.”

पुढच्या महिन्यापासून त्याचा गुरुवार गेला. कधी सोमवारी सुट्टी, कधी शनिवारी, कधी आदल्या दिवशी संध्याकाळी कळतं. मला त्या दिवशी प्रॅक्टिकल असतं. नसलं तरी तो दुपारी झोपलेला असतो, आणि मी त्याला उठवत नाही. मी एकट्याने दोन-तीन नवे गेम सुरू केले. मोठे आहेत, फार सुंदर आहेत, पाण्यात ढग दिसतात. नकाशे ठिपक्यांनी भरलेले आहेत. एकट्याने चालताना मी सरळ नदीत शिरतो आणि पलीकडे जातो. सगळेच तसं खेळत असतील. एकाचा सिनेमा येणार म्हणतात. मी जाईन असं वाटत नाही.

वर्गात मी एकदा मान हलवली नाही. हात वर करून म्हणालो की कळलं नाही. सरांनी पुन्हा सांगितलं, पुन्हा इंग्रजीतच, आणि तेव्हाही अर्धवटच कळलं. यातून माझं काही फार सुधारलं आहे असं नाही. दमायला मात्र जास्त होतं. न कळलेलं वगळून वाचणं किती हलकं होतं, हे ते सोडल्यावर लक्षात आलं.

मागच्या रविवारी दादाला अचानक सुट्टी मिळाली. पाणी भरून झालं होतं, या वेळी मी भरलं होतं. तो कॉम्प्युटरसमोर येऊन बसला आणि रिमोट हातात घेतला. “नवीन काय हाय?”

मी एक गेम लावला. पूर्ण कॉपी होती, व्हिडिओसकट. एक म्हातारी बाई आणि एक नावाडी समुद्राच्या काठी बोलत होते, खाली इंग्रजी ओळी भराभर येत-जात होत्या. मी थांबवून थांबवून वाचत होतो. बोलणं लांबलं. दादाने दोनदा जांभई दिली, पण पडद्यावरून नजर काढली नाही. व्हिडिओ संपला.

“काय म्हणली ती?” त्याने विचारलं.

“अर्धंच कळलं मला.”

“कोणतं अर्धं?”

बाईला पलीकडच्या बेटावर जायचं आहे आणि नावाडी नाही म्हणतोय, एवढं मी सांगितलं. तो का नाही म्हणतोय, ते मला कळलं नव्हतं. दादाने मान हलवली, काडीवर अंगठा ठेवला आणि तेवढ्यावर खेळायला सुरुवात केली.